विहिरीत आधी उतरणारा कंदील

“आधी त्याला सोड खाली. तो जिवंत परत आला, तर मी उतरतो.”

मित्रांनो, हा आवाज गुणाजीचा. त्याला जाऊन आता पंचवीस-सव्वीस वर्षं झाली, तरी वाऱ्याने माझी कडी हलली की मला तो ऐकू येतो. ‘त्याला’ म्हणजे मला. मी एक जुना कंदील आहे. ठाण्याच्या कोपरीत, एका सोसायटीच्या तळमजल्यावर, गॅलरीतल्या खिळ्याला मी टांगलेला असतो. माझ्या एका बाजूला वाळत घातलेली फडकी असतात आणि दुसऱ्या बाजूला झाडू. दिवसचे दिवस माझ्याकडे कोणी वर मान करून पाहत नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. पत्रा कापून, डाक देऊन माझं पोट घडवलं, वर वात बसवली, तिच्याभोवती काच आली आणि अंगाला हिरवा रंग लागला. कल्याणच्या बाजारात एका दुकानाच्या छताला आम्ही वीस-बावीस भाऊ लटकत होतो. कोणी राखणदाराच्या हातात गेला, कोणी अशा घरी गेला जिथे मुलं त्याच्याभोवती बसून पाढे म्हणत. मलाही वाटायचं, आपल्या उजेडात कोणीतरी पुस्तक वाचावं. पण माझ्या वाट्याला पुस्तक आलं नाही. विहीर आली.

गुणाजी रत्नागिरीकडून पोटासाठी कोपरीत आलेला. चैत्र-वैशाखात पाणी तळाला गेलं की विहिरींतला गाळ काढायचा, हे त्याचं काम. जोडीला देवराम. दोघं सख्ख्या भावांसारखे. एक उतरायचा, दुसरा वर दोर धरायचा. विठ्ठलवाडीपासून खडवलीच्या पुढच्या वाड्यांपर्यंत त्यांनी किती विहिरी उपसल्या, त्याचा हिशोब माझ्याजवळ नाही. एवढंच सांगतो, की त्या प्रत्येक विहिरीत पहिला मी उतरलो.

रीत अशी होती. विहिरीच्या काठावर हळदकुंकू वाहायचं, नारळ ठेवायचा, पाण्यातल्या सात देवतांना, म्हणजे आसरांना, हात जोडायचे. मग मला पेटवून दोराने हळूहळू खाली सोडायचं. तळाशी मला थोडा वेळ तसंच ठेवायचं आणि वर ओढून घ्यायचं. मी जळत परत आलो, की गुणाजी कमरेला दोर बांधायचा. मी विझून आलो, की तो दोन पावलं मागे सरायचा आणि म्हणायचा, “आसरा आज नको म्हणतात रे, देवराम.” मग कडुलिंबाची डेरेदार फांदी दोराला बांधून दोघं ती विहिरीत तासतासभर वरखाली करत, आणि पुन्हा मला सोडत. कधी कधी संध्याकाळ व्हायची. विहिरीचा मालक करवादायचा. गुणाजी बिडी ओढत बसून राहायचा.

मित्रांनो, तळाशी एकटं जळत राहणं कसं असतं, ते तुम्हाला कसं सांगू? वर आकाशाची ताटलीएवढी चकती. तिच्या कडेला दोन डोकी. चारी बाजूंनी ओला दगड आणि खाली बेडकाचं एखादं डुबुक. तिथे मला सोबत कोणाचीच नसायची. पण मी विझलो तर वरची दोन माणसं घरी जेवायला जातील, एवढं मला कळत होतं. तेवढ्यावर मी ते एकटेपण काढलं.

आता एक गोष्ट सांगायची आहे. ती सांगताना अजून माझी वात कोरडी पडते.

खडवलीच्या पुढे एका वाडीत विहीर उपसायची होती. मालकाच्या घरी परवावर लग्न आलेलं. देवराम बौद्ध समाजाचा. त्याने काढलेला गाळ त्या वाडीला चालायचा, पण त्याने ओढलेलं पाणी तिथल्या काही घरांना चालायचं नाही. ते लांबून त्याच्या ओंजळीत पाणी ओतायचे. गुणाजीनेही मग तिथे भांड्याने पाणी पिणं सोडलं. तोही ओंजळ पुढे करायचा. त्या दिवशी सामान उतरवताना मी दगडावर पडलो आणि माझी काच फुटली. गुणाजी म्हणाला, “मी कल्याणला जाऊन काच आणतो. तोवर थांब हां.” देवराम हसला. “जा रे. मी काय पळून जातोय?”

गुणाजी गेला आणि मालकाची बोलणी सुरू झाली. “मंडपवाले आले. पाहुणे आले. तुम्ही आपले काचेची वाट बघत बसा!” असं दहादा ऐकल्यावर देवराम उठला. “अर्धा गाळ तरी काढून ठेवतो,” म्हणाला आणि उतरला. मी आंब्याखाली पडलो होतो. पोटात तेल होतं, वात होती, फक्त अंगावर काच नव्हती. तो काठाआड दिसेनासा झाला. त्यानंतर खालून त्याचा आवाज आला नाही.

गुणाजी परत आला तेव्हा त्याच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली काच होती. विहिरीभोवती माणसं जमली होती. काच खाली ठेवली आणि तो मातीत बसला.

देवरामची बायको जाईबाई. तेराव्या की चौदाव्या दिवशी गुणाजी तिच्या दारात गेला. मी त्याच्या हातात होतो, नव्या काचेचा. तो म्हणाला, “वहिनी, यापुढं माझ्या माहितीतल्या विहिरीत दिव्याच्या आधी माणूस जाणार नाही. माझ्या घरातलं कोणी ना कोणी हे बघेल.”  जाईबाईने मला हातात घेतलं, पदराने माझी काच पुसली आणि परत त्याच्याकडे दिलं. तो शब्द तेव्हा पक्का झाला.

पुढे वर्षं गेली. नळ आले. गुणाजीच्या चाळीजवळची विहीर तेवढी राहिली. त्याची सून मालन, ती लग्न होऊन आली तेव्हा अठरा वर्षांची होती. आवाज असा, की शेजारच्या खोलीतही जाऊ नये. संकष्टी, शनिवार, श्रावणातले सोमवार, चातुर्मासाचा नेम, तिचं सगळं बिनबोभाट चालायचं. गुणाजी अंथरुणाला खिळला तेव्हा त्याने तिलाच बोलावलं. “सूनबाई, विहिरीत कोणी उतरलं तर आधी त्याला सोडायचं. विसरायचं नाही.”

“नाही विसरणार, मामंजी,” ती म्हणाली.

का सोडायचं, हे त्याने सांगितलं नाही आणि तिने विचारलंही नाही. व्रताचं कारण विचारायची तिला सवय नव्हती.

चाळ पाडून सोसायटी झाली. मुलं पडतील म्हणून विहिरीवर सिमेंटची लादी आली, तिच्यात एक लोखंडी झाकण. मालन रोज संध्याकाळी त्या लादीवर तेलाचा दिवा लावायची. तिचे यजमानही लवकर गेले. दिवा लावून झाला की ती थोडा वेळ लादीवरच बसायची. सोसायटीतली माणसं तिच्या बाजूने गाड्या काढत, फोनवर बोलत निघून जायची. मी गॅलरीतून तिला बघायचो. एक गॅलरीत, एक लादीवर. असे आम्ही दोघं.

रेशनवरचं रॉकेल बंद झालं, तेव्हा तिने एक बाटली देवाच्या तेलामागे जपून ठेवली. वर्षातून एकदा, गुणाजीच्या तिथीला, ती मला दहा मिनिटं पेटवायची. तेवढंच माझं जगणं उरलं होतं. दोन वर्षांपूर्वी तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. मुलगा सुशांत तिला म्हणाला, “आई, आता काडी-पेटी नको. हा घे दिवा. बॅटरीचा आहे. फुंकर मार, विझतो का बघ!” दिवा मोठा देखणा होता. त्याची ज्योत खऱ्यासारखी लवलवायची. मालनने लेकाचं मन मोडलं नाही. तो दिवा देव्हाऱ्यात ठेवला आणि लादीवर मात्र वातीचाच लावत राहिली.

यंदा वैशाखात पाणी एक दिवसाआड झालं. सोसायटीने विहीर उघडायची ठरवली. सुशांत सेक्रेटरी. त्याने पंपाने पाणी उपसून घेतलं आणि गाळ काढायला जगन नावाचा माणूस बोलावला. तिशीचा, खडवलीकडचा, हसऱ्या तोंडाचा. तो आणि त्याचा धाकटा भाऊ विश्राम, दोघं हेच काम करायचे.

वीस वर्षांनी झाकण निघालं होतं. मालन पूजेचं ताट घेऊन आली. हळूच म्हणाली, “सुशांत, आधी दिवा सोडायचा असतो रे. मामंजींचा शब्द आहे.”

“माहितीये आई. म्हणून तर सकाळीच काढून ठेवला.” आणि सुशांतने देव्हाऱ्यातला बॅटरीचा दिवा दाखवला. नायलॉनच्या दोरीला बांधलेला. “धूर नाही, तेल नाही, पडला तरी फुटत नाही. झालं ना तुझं?”

“मावशी, एकदम हायटेक आसरा आहेत तुमच्या,” जगन म्हणाला आणि सगळे हसले. मालनही कसनुशी हसली.

दिवा खाली गेला. तळाच्या चिखलावर तो छान जळत राहिला, म्हणजे जळल्यासारखा दिसत राहिला. बायकांनी हात जोडले. दुसऱ्या मजल्यावरून कोणीतरी म्हणालं, “चला, देवतांनी परवानगी दिली. आता आटपा लवकर, मला गाडी काढायचीये.” मालन ताट घेऊन घरात आली.

मित्रांनो, मी खिळ्यावरून हे सगळं पाहत होतो. ओरडायला मला तोंड नाही. माझ्यासमोर पुन्हा ते आंब्याचं झाड उभं राहिलं. मी इथे सुका, आणि तिथे एक माणूस कमरेला दोर बांधतोय.

मालन देव्हाऱ्यासमोर बसली. बॅटरीच्या दिव्याची जागा रिकामी होती. तिचं मन लागेना. ओठ हलत होते, पण स्तोत्र नव्हतं ते. जवळ आली तेव्हा मला शब्द कळले, गुणाजीचेच. “तो जिवंत परत आला तर... तो जिवंत परत आला तर...” गॅलरीच्या दारात ती थबकली आणि माझ्याकडे बघत राहिली. मग स्वतःशीच म्हणाली, “जो मरतच नाही, तो जिवंत परत आला काय आणि न आला काय?”

तिने मला खिळ्यावरून काढलं. तेलामागची बाटली काढली. तळाशी तीन बोटं रॉकेल होतं, त्यातलं निम्मं ओतलं. वात सरळ केली आणि काडी ओढली.

ती अंगणात आली तेव्हा जगन कमरेपर्यंत आत गेला होता.

“जगन! वर ये!”

त्या सोसायटीने मालनचा आवाज पहिल्यांदा ऐकला. कुत्रंसुद्धा उठून उभं राहिलं.

“आई, अगं काय हे? झालाय ना विधी!”

“तो विधी नव्हता बाळा. ते नुसतं दाखवणं होतं. जगन, माझे सासरे म्हणायचे, आधी ह्याने जायचं. दोन मिनिटं थांबशील? माझ्यासाठी?”

जगनने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि तो वर आला.

मी उतरलो. किती वर्षांनी! ओल्या दगडांतून नेच्याची पानं बाहेर आलेली. जुन्या खोबणी तशाच. ही विहीर पाच पुरुष खोल, म्हणजे एकावर एक पाच माणसं उभी राहावीत एवढी. दोन पुरुषांपर्यंत मी नीट जळलो. तिसऱ्याला माझी ज्योत आखूड झाली, लाल झाली. मी वर मान करायचा प्रयत्न केला, पण धरायला हवेत काही नव्हतंच. आणि मी विझलो.

माझ्या खाली, तळाच्या चिखलावर, तो बॅटरीचा दिवा मजेत लवलवत होता.

“वारा लागला असेल,” सुशांत म्हणाला. मला पुन्हा पेटवलं, पुन्हा सोडलं. पुन्हा तिथेच विझलो. तिसऱ्यांदाही तिथेच. जगन काठापासून लांब जाऊन खाली बसला. त्याच्या तोंडावरचं हसू गेलं होतं. “मावशी,” तो एवढंच म्हणाला.

मालनची नात सान्वी कॉलेजात रसायनशास्त्र शिकते. तिला फोन गेला आणि ती लेक्चर सोडून आली. विहिरीत वाकून पाहणाऱ्या बापाला तिने आधी मागे ओढलं. “बाबा, वीस वर्षं बंद आहे ही. पानं कुजली, चिखल सडला, सगळा ऑक्सिजन त्यात गेला. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, तो खालीच बसून राहतो. ज्योत विझली म्हणजे तिथे श्वासाला हवा नाही. खाणीत उतरणारी माणसं जगभर असाच दिवा न्यायची, नाहीतर पिंजऱ्यात पक्षी. तुमच्या बॅटरीच्या दिव्याला श्वास कुठे लागतो?”

सुशांत हळू म्हणाला, “मी त्याला मारलं असतं गं.”

मालनने सान्वीला विचारलं, “म्हणजे त्या आसरा नव्हेत का?”

“आजी, तू आसरा म्हण, मी वायू म्हणते. दोन्ही एकच सांगतात, उतरू नकोस.”

“मग देवच बोलला की,” मालन म्हणाली. “देव काय नुसता देव्हाऱ्यातच बोलतो?”

संध्याकाळी सान्वीच्या ओळखीचा सर्वेश आला. डोंबिवलीच्या एका कारखान्यात तो सुरक्षेचं काम बघतो. त्याने हवा मोजायचं छोटं यंत्र दोराला बांधून खाली सोडलं. तेही तिसऱ्या पुरुषाला किंचाळायला लागलं. वर काढल्यावर सर्वेश म्हणाला, “ऑक्सिजन नाहीच, पण आणखी एक विषारी वायू आहे. शेजारच्या शौचटाकीतून झिरपत असणार. नुसता तोच असता, तर कंदील विझला नसता बरं का. आणि पेट घेणारा वायू असता, तर कंदीलच भडकला असता. टाकीत, गटारात तर हा चुकूनही सोडायचा नाही. तिथे माणूस उतरवायला कायद्यानेच मनाई आहे. आता ही विहीर माणूस न उतरवता यंत्राने साफ करू.”

मित्रांनो, ते ऐकून मी आधी जरा हिरमुसलो. मग पटलं. मी फक्त ‘नको’ म्हणू शकतो. ‘खुशाल जा’ म्हणायचा अधिकार माझा नाही. मला जे येत होतं त्याच्या पुढचं त्या यंत्राला येतं, आणि त्याचं मला सुख आहे. निदान आता खाली एकट्याने जावं लागणार नाही. माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. घरातली एखादी जुनी रीत तुम्हाला वेडगळ वाटली, तर ती टाकण्याआधी तिला ‘का?’ विचारा. आणि ती पाळत असाल, तर पाळतानाही विचारा. आमच्या घरात कोणी विचारलं नव्हतं. म्हणून ज्योत गेली आणि तिचं चित्र राहिलं. त्या चित्राच्या भरवशावर एक माणूस कमरेपर्यंत खाली गेला होता.

सर्वेश यंत्र गुंडाळत होता तेव्हा जगन मालनपाशी आला. “मावशी, उद्या माझा विश्राम उतरणार आहे. खडवलीच्या पुढं, एका वाडीतल्या जुन्या विहिरीत. मी फोन केला त्याला. हसतोय. म्हणतो, ‘अरे, इथं पण दिवा सोडतात की. बॅटरीचा.’ मुकादमाने फोन घेतला आणि मला शिव्या दिल्या. माझं ऐकणार नाही तो. कोणी जाणतं माणूस असलं तर...”

मालनने वाडीचं नाव विचारलं. जगनने सांगितलं. माझी कडी आपोआप वाजली. देवराम जिथे गेला, तीच ती वाडी.

“तो उतरायच्या आधी मी येते,” मालन म्हणाली. “तुला शब्द देते.”

ती कोपरीतून एकटी क्वचितच कुठे गेली असेल. सुशांत म्हणाला, “आई, मी जातो ना.” तिने मान हलवली. “तूही चल. पण शब्द मी दिलाय.”

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमारास ती न्हाऊन तयार होती. शनिवार होता, उपास होता. रोज संध्याकाळचा दिवा तिने आज पहाटेच लादीवर लावला. मग जुन्या सुती लुगड्यात मला गुंडाळून पिशवीत ठेवलं. आतून मला फक्त आवाज येत होते. नाक्यावर जगनने आणलेल्या टेम्पोचं इंजिन, सान्वीची हाक, “आजी, सर्वेशदादा कल्याणला भेटतोय, मीटर आहे त्याच्याकडे.”

“आले गं.”

ती लादीपाशी जरा थांबली. पिशवीवरून तिने माझ्या काचेवर हात फिरवला, जाईबाईने पदर फिरवला होता तसा.

“मामंजी, येते हं,” ती पुटपुटली. आणि शेजारी जागे होऊ नयेत म्हणून तिने फाटक अगदी अलगद लावून घेतलं.